वाचकांचे प्रश्न : टायर बसला, तर आधी जागा पाहा

या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे मोटारीच्या टायरविषयीची आहेत, म्हणून हे पान त्याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : गेल्या महिन्यात रात्री मुंबईहून पुण्याला येताना, द्रुतगती मार्गावर घाट चढून आल्यानंतर आमच्या गाडीचा मागचा उजवा टायर बसला. यजमानांनी गाडी लगेच डाव्या कडेला घेतली, पार्किंगचे दिवे लावले आणि स्टेपनी बदलायला सुरुवात केली. पाऊस पडत असल्यामुळे मी आणि दोन्ही मुले गाडीतच बसून राहिलो. काम झाले, परंतु तेवढ्या वेळात दोन ट्रक इतक्या जवळून गेले की अख्खी गाडी हलली. आमचे काही चुकले का? अशा वेळी नेमके काय करावे?
– एक वाचिका, चिंचवड

उत्तर : आपण सर्वजण सुखरूप घरी पोचलात, हे वाचून फार बरे वाटले. यजमानांनी गाडी डावीकडे घेतली, हे योग्यच केले. मात्र मिळेल त्या जागी लगेच थांबणे, रहदारीच्या बाजूचे चाक तिथेच बदलायला बसणे आणि मुलांना गाडीत ठेवणे या तीन गोष्टी पुन्हा कधीही करू नयेत, असे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते. नुसता टायर बसल्यामुळे माणसे सहसा दगावत नाहीत. टायर बसलेली गाडी भलत्या जागी उभी राहते आणि मागून येणारे वाहन तिच्यावर आदळते, त्यात दगावतात. म्हणून पहिला विचार जागेचा करावा आणि टायरचा त्यानंतर.

द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर पुढे जाते. म्हणजे मागच्या चालकाला तुमची गाडी १०० मीटरवरून दिसली, तरी त्याच्या हातात साडेतीन सेकंदच असतात, आणि त्यातला एक-दीड सेकंद समोरची गाडी चालती नसून उभी आहे हे उमगण्यातच जातो. रात्री, पावसात, वळण संपता संपता दिसलेले मागचे लाल दिवे चालत्या गाडीचेच वाटतात. ओल्या रस्त्यावर उरलेल्या अंतरात गाडी थांबत नाही, मग भरलेल्या ट्रकची गोष्टच सोडा.

बसलेल्या टायरवर गाडी रेटली तर टायर आणि रिम दोन्ही जातील, या भीतीने पुष्कळ लोक जागच्या जागी थांबतात. टायर जातो, हे खरे आहे. रिमही वाकू शकते. परंतु माणसाच्या चालीने, पार्किंगचे दिवे लावून, डाव्या कडेच्या पट्ट्यातून गाडी काही शे मीटर नेता येते, आणि तेवढ्या अंतरात बहुधा वळण संपते, रस्त्याची कड रुंद होते, किंवा पेट्रोल पंप, टोलनाका अथवा बाहेर पडायचा फाटा लागतो. बोगद्यात तर गाडी सरकते आहे तोवर थांबूच नये. टायरला आणि रिमला काही हजार रुपये पडतील, ते पडू द्यावेत. या बाबतीत काटकसर करणाऱ्यांना मी नेहमीच कळकळीने अडवीत आलो आहे.

गाडी थांबली की सर्वांनी डाव्या दारांनी उतरावे, पाऊस असला तरी उतरावे. (छत्र्या आणि रेनकोट डिकीत सामानाखाली न ठेवता हाताशी ठेवण्याचे हेही एक कारण आहे.) उतरल्यावर गाडीला टेकून किंवा तिच्या पुढे उभे राहू नये, कारण मागून धडक बसली तर गाडी पुढेच फेकली जाते. कडेच्या लोखंडी कठड्याच्या पलीकडे जावे आणि ज्या बाजूने वाहने येतात त्या बाजूला बरेच मागे सरकून उभे राहावे. घाटात मात्र कठड्यापलीकडे काय आहे हे मोबाइलच्या उजेडात पाहिल्याशिवाय पाय टाकू नये. अनेक ठिकाणी कठड्याला लागूनच दरी सुरू होते किंवा उघडे गटार असते. तशी जागा असेल तर कठड्याला अगदी चिकटून, मुलांचे हात धरून, गाडीपासून शक्य तितके दूर मागे जावे.

पार्किंगचे दिवे लावावेतच, परंतु त्यांच्यावर विसंबू नये. आपल्याकडे पावसात आणि बोगद्यात चालत्या गाडीचेही चारही इंडिकेटर लावण्याची सवय पडली आहे, त्यामुळे ते दिवे पाहून ‘ही गाडी उभी आहे’ असे मागच्याच्या मनात आता येतच नाही. डिकीतला लाल परावर्तक त्रिकोण साध्या रस्त्यावर सुमारे ५० मीटर आणि महामार्गावर १०० मीटर किंवा त्याहून मागे ठेवावा. वळण असेल तर ते सुरू होण्याच्या आधी ठेवावा. ठेवायला जाताना कठड्याच्या बाहेरून जावे आणि त्रिकोण समोर धरून, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावे. कठड्याबाहेरून चालायला वाट नसेल आणि वाहने भरधाव असतील, तर त्रिकोणाचा नाद सोडावा.

याच संदर्भात एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. आपल्या रस्त्यांवर बंद पडलेल्या ट्रकभोवती मोठाले दगड मांडण्याची आणि झाडाच्या फांद्या तोडून टाकण्याची रीत आहे. काम झाले की ट्रक निघून जातो आणि दगड तिथेच राहतात, आणि रात्री एखादा दुचाकीस्वार त्यांवर आपटतो. फांद्यांचे एक वेळ ठीक आहे, पण रहदारीच्या मार्गात दगड कधीही मांडू नयेत, आणि चाकाला लावलेला दगड निघताना स्वतःच्या हाताने उचलून कडेला टाकावा.

राहिला प्रश्न उजव्या चाकाचा. चाक रहदारीच्या बाजूचे असले की ते बदलणाऱ्याची पाठ थेट धावत्या ट्रकांकडे असते. द्रुतगती मार्गाच्या कडेला, विशेषतः रात्री, हे काम स्वतः करूच नये. ११२ हा क्रमांक राज्यात कुठूनही चालतो. पुणे-सातारा-कोल्हापूर किंवा मुंबई-गोवा अशा राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ ही मदतवाहिनी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग हे महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचे आहेत. त्यांचे मदत क्रमांक रस्त्यावरील फलकांवर लिहिलेले असतात, ते प्रवासाला निघण्यापूर्वीच मोबाइलमध्ये घालून ठेवावेत. फोन करताना कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा आणि आपण कोणत्या दिशेने जात होतो हे सांगितले, की मदतीची गाडी नेमकी पोचते.

प्रश्न : परशुराम घाटात चाक बदलताना माझ्या गाडीचा जॅक सरकला आणि गाडी खाली बसली. सुदैवाने इजा झाली नाही. हँडब्रेक पूर्ण ओढलेला होता, जॅकखाली जांभ्याचा चिराही ठेवला होता. मग असे का व्हावे?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपल्या पत्रात उत्तराचा अर्धा भाग आलाच आहे. जांभा बांधकामाला उत्तम, परंतु तो सच्छिद्र आणि ठिसूळ असतो. भिंतीत त्याच्यावर भार सगळीकडे सारखा पडतो, जॅकच्या लहानशा तळाखाली मात्र तो एका ठिकाणी चेपला जाऊन फुटतो, आणि पावसात भिजलेला असेल तर लवकरच फुटतो. माती मऊ असेल तर जॅकखाली जाड लाकडी फळीच हवी. वीतभर रुंद, दोन वीत लांब असा फळीचा तुकडा डिकीत कायम असू द्यावा.

आता हँडब्रेकचे पाहू. बहुतेक मोटारींत हँडब्रेक मागच्या दोन चाकांनाच लागतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारींत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. मागचे एक चाक उचलले की हँडब्रेकच्या भरवशावर जमिनीवर एकच चाक उरते. अशा वेळी गाडी गिअरमध्ये असेल तर पुढची चाके तिला धरून ठेवतात. उलट पुढचे एक चाक उचलले, तर गिअरचा उपयोग जवळजवळ संपतो, कारण डिफरन्शिअलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या दातेरी यंत्रणेमुळे) हवेतले चाक मोकळे फिरू शकते आणि जमिनीवरचे दुसरे चाक त्यामुळे सुटते. तेव्हा सगळी मदार हँडब्रेकवर येते. म्हणूनच हँडब्रेक, गिअर आणि चाकाला दगड या तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात. तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स, ऑटोमॅटिक गाडी असेल तर पार्क. दगड जे चाक उचलायचे त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला लावावा आणि तो उताराच्या बाजूने असावा. चढ-उताराच्या जागी हे सगळे करूनही जॅक तिरका होऊ शकतो. म्हणून घाटात टायर बसला तर सपाट जागा येईपर्यंत गाडी हळूहळू नेणे हाच पहिला उपाय आहे, भले तो टायर वाया जावो.

जॅक लावण्यापूर्वीच, चाक जमिनीवर असताना, सगळे नट अर्धा फेरा सैल करून घ्यावेत. गाडी उचलल्यावर पान्याला हिसके देऊ नयेत, कारण पुष्कळदा जॅक त्या हिसक्यांनीच सरकतो. पाना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, दांडी साधारण आडवी ठेवून दाबावा. नट हलतच नसेल तर पान्यावर उड्या मारण्यापेक्षा दोन फूट लांबीचा लोखंडी पाइप दांडीवर चढवावा. नट इतके घट्ट का बसलेले असतात, याचे कारण बहुधा आदल्या वेळच्या दुकानात असते. तिथे हवेच्या बंदुकीने नट आवळतात आणि मग रस्त्यात एकट्या माणसाला ते निघत नाहीत. पंक्चर काढून घेताना ‘शेवटचे हातपान्याने आवळा’ असे सांगावे आणि जवळ उभे राहून तसे करून घ्यावे.

जॅकची जागा दाराखालच्या पत्र्याच्या कडेला, चाकाजवळ असते. तिथे दोन खाचा दिसतात किंवा बोटांना लागतात. त्या खाचांच्या मध्येच जॅकचे डोके बसले पाहिजे. गाडी थोडी उचलली गेली की काढलेली स्टेपनी आडवी करून जॅकशेजारी गाडीखाली सरकवून ठेवावी. जॅक निसटला तर गाडी त्या चाकावर टेकेल, माणसाच्या पायावर पडणार नाही. जुने चाक निघाले की स्टेपनी बाहेर काढून तिच्या जागी जुने चाक सारावे. गाडी जॅकवर असताना खाली हात, पाय, डोके घालू नये, आत कुणी बसलेले नसावे, हे सांगायला नको.

चाक हबला (ज्या तबकडीवर चाक बसते तिला) गंजून चिकटले असेल तर समोर बसून ओढू नये. एक-दोन नट दोन-तीन आट्यांवर राहू द्यावेत आणि बाजूला उभे राहून टायरच्या कडेवर टाचेने आलटून पालटून दणके द्यावेत. नवे चाक चढवल्यावर नट आधी बोटांनीच फिरवावेत, निमुळती बाजू चाकाकडे ठेवून. मग टायर जमिनीला टेकेपर्यंत गाडी उतरवून पान्याने एकाआड एक, समोरासमोर असे आवळावेत. ५० ते १०० किलोमीटर गेल्यावर ते पुन्हा तपासावेत. घाईत ही गोष्ट नेमकी राहून जाते.

प्रश्न : आम्ही समृद्धी महामार्गाने नेहमी प्रवास करतो. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा पाच-सहा पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) कमी ठेवावी, असे आमचे चालक सांगतात. हे बरोबर आहे का? नायट्रोजन भरल्याने फायदा होतो का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : हवा कमी ठेवणे हे बरोबर तर नाहीच, धोक्याचे आहे. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि पुन्हा उठते. या सततच्या दबण्यामुळे रबर आतून तापत जाते, आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि अखेरीस टायर फुटतो. ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेच्या, सरळ आणि लांब रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने जाताना ही उष्णता निवायला वेळच मिळत नाही.

उन्हामुळे दाब वाढतो हे खरे, पण किती वाढतो तेही पाहू. पहाटे २५ अंश तापमानात ३३ पीएसआय हवा भरली आणि टायर दुपारी ४५ अंशांपर्यंत तापला, तर दाब सुमारे तीन पीएसआयने वाढतो; वेगामुळे आणखी थोडा वाढतो. टायर बनवताना ही वाढ गृहीत धरलेलीच असते. म्हणून चालकाच्या दाराच्या खांबावर जो तक्ता चिकटवलेला असतो, त्यातला आकडा पाळावा. गाडी पूर्ण भरलेली असेल तर त्याच तक्त्यातला भरल्या गाडीचा आकडा घ्यावा. हवा टायर थंड असताना, सकाळी निघतानाच तपासावी, आणि वाटेत गरम टायरमधली हवा सोडू नये. टायरच्या भिंतीवर छापलेला दाब हा कमाल दाब असतो, तो भरण्यासाठी दिलेला नसतो. नायट्रोजन घालण्यात तोटा नाही, परंतु साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. ज्या टायरची हवा महिनोन्‌महिने कुणी पाहिलेली नाही, त्याला नायट्रोजन वाचवू शकत नाही.

त्यापेक्षा टायरचे वय पाहावे. भिंतीवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन टायर तयार झाला त्या आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की खाचेतल्या लहान उंचवट्यांशी रबर समतल होते, आणि तो टायर मग रस्त्यावर चालत नाही. नक्षी चांगली दिसत असली तरी भिंतीवर बारीक चिरा किंवा फुगवटा असेल तर टायर बदलावाच.

तरीही वेगात टायर फुटलाच, तर ब्रेकवर पाय जाऊ न देणे हे सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाचे असते. पुढचा टायर फुटला की गाडी त्या बाजूला ओढली जाते, मागचा फुटला की गाडीचा मागचा भाग डोलू लागतो. जोराचा ब्रेक दोन्ही वेळी गाडी फिरवतो. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवावे, अॅक्सिलरेटर हळूहळू सोडावा, गाडीला आपोआप मंदावू द्यावे आणि वेग पुरेसा उतरल्यावरच ब्रेकला हलका स्पर्श करीत डावीकडे यावे. मागे बसलेल्यांसह सर्वांचे पट्टे लावलेले असतील तरच या सूचनांना अर्थ आहे.

प्रश्न : मी कामावरून रात्री एकटी गाडीने परत येते. मध्यंतरी दुचाकीवरच्या दोघांनी ‘टायर पंक्चर आहे’ असे हाताने खुणावून मला थांबवण्याचा प्रयत्न केला. मी थांबले नाही. थांबायला हवे होते का?
– एक वाचिका, नाशिक

उत्तर : आपण केले तेच योग्य होते. असे खुणावून गाडी थांबवायची आणि चालक चाक पाहायला उतरला की सीटवरची बॅग पळवायची, हा चोरीचा जुना प्रकार आहे. टायर खरोखर बसला असेल तर गाडीच तसे सांगते : स्टिअरिंग जड होऊन एका बाजूला ओढते, मागून थडथड जाणवते, नव्या गाड्यांत पिवळा दिवा लागतो. यांपैकी काही नसेल तर काचा वर, दारे बंद ठेवून सरळ जावे. शंका आलीच तर वेग कमी करून उजेडाच्या, माणसांच्या जागी, पेट्रोल पंपावर किंवा पोलिस चौकीपाशी थांबून मग पाहावे. उतरताना किल्ली आणि मोबाइल हातात घ्यावा, बॅग डिकीत कुलूपबंद असावी. खिळा दिसला तरी तो उपसू नये. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा जागच्या जागी असला की हवा फार सावकाश जाते, आणि तेवढ्या अवधीत, अधूनमधून हवा भरत, घरापर्यंत किंवा ओळखीच्या दुकानापर्यंत पोचता येते.

प्रश्न : नव्या गाडीत स्टेपनीच नाही, फक्त एक डबी आणि छोटा कॉम्प्रेसर आहे. भावाच्या सीएनजी गाडीत स्टेपनी आहे, पण ती सिलिंडरखाली अडकली आहे. काय करावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : टायर ट्यूबलेस असतील, टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल आणि दुरुस्तीचा संच दिलेला असेल, तर मोटारीत स्टेपनी नसली तरी चालेल, अशी दुरुस्ती केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये झाली. आपल्या डबीत द्रव रबरासारखे रसायन आहे. रस्त्याला टेकणाऱ्या भागातले खिळ्याएवढे छिद्र ते बुजवते. भिंतीला चीर गेली असेल, खड्ड्यात आपटून रिम वाकली असेल किंवा बसलेल्या टायरवर गाडी बरीच चालली असेल, तर त्याचा उपयोग होत नाही. त्या रसायनाला मुदत असते. ती आजच वाचून पाहावी. ते वापरल्यावर वेग डबीवर दिलेल्या मर्यादेतच, सहसा ८० किलोमीटरच्या आत ठेवावा, आणि पंक्चरवाल्याला आत रसायन आहे हे आधी सांगावे. ज्यांना कोकणात किंवा आडवाटेने वारंवार जावे लागते, त्यांनी डिकीतली जागा गेली तरी एक स्टेपनी विकत घेऊन ठेवावी, असे माझे मत आहे.

भावाला मात्र एका सुट्टीच्या दिवशी, घरासमोर, दिवसाउजेडी स्टेपनी प्रत्यक्ष बाहेर काढून पाहायला सांगा. सिलिंडरच्या पट्ट्या किंवा कंस सोडविल्याशिवाय ती निघत नसेल, तर सिलिंडरला हात न लावता अधिकृत फिटरकडून तिची जागा बदलून घ्यावी. निघत असेल, तर तिच्यातली हवा तपासावी, कारण वर्षानुवर्षे न पाहिलेली स्टेपनी पुष्कळदा अर्धी बसलेलीच निघते. तिच्यावर ‘ताशी ८०’ असे लिहिलेले असेल तर ती पंक्चरच्या दुकानापर्यंत जाण्यापुरती आहे. अशा अरुंद स्टेपनीला बहुधा ६० पीएसआय हवा लागते, म्हणजे इतर चाकांच्या जवळजवळ दुप्पट. जॅक, त्याची दांडी, पाना आणि चोरी टाळणारे नट असतील तर त्यांची वेगळी किल्ली या चारही वस्तू त्याच वेळी हातात घेऊन पाहाव्यात, आणि सीएनजी बसवताना त्यांपैकी एखादी गॅरेजमध्येच राहून गेली असेल तर ती लगेच मागून घ्यावी.